गाडीच्या शेडचे कापड फाटले? आधी उतार बघा, मग दुकानात जा

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात गाडी धुण्याचा व्हिडिओ टाकला, त्यात माझ्या पाठीमागे अंगणातली शेड दिसली, आणि प्रश्न आले ते गाडीपेक्षा शेडबद्दलच जास्त. अलिबागपासून मालवणपर्यंत तक्रार जवळजवळ एकच आहे. पाइपांच्या सांगाड्यावर कापड ताणलेली, सुटी करून दुसरीकडे नेता येणारी शेड हौसेने आणली, दोन पावसाळे ती टिकली आणि आता कापडाच्या चिंध्या झाल्या आहेत. तर ते कापड शिवावे, बदलावे, की सगळी शेडच भंगारात देऊन नवी घ्यावी? मृग तोंडावर आला आहे, त्यामुळे आज फक्त याच विषयावर बोलतो.

कापड सोडवा, सांगाडा गोड्या पाण्याने धुवा, वाळू द्या आणि हातात मोजे घाला, इतके सगळ्यांना कळते, तेव्हा त्यावर वेळ घालवत नाही. खरा निर्णय सांगाड्यावर अवलंबून असतो. समुद्राची खारी हवा पाइपांच्या मधल्या भागाला फारसे काही करत नाही, पण जिथे एक पाइप दुसऱ्यात जातो तो सांधा आणि जमिनीला टेकलेले पायाचे टोक या दोन जागा ती आतून पोखरते, कारण तिथे ओल अडकून राहते. स्क्रू-ड्रायव्हरचे टोक या जागांवर जोर देऊन दाबा. ते आत घुसले तर तो पाइप संपला. नुसता वरचा गंज खरवडून निघाला तर तारेच्या ब्रशने घासून रेड ऑक्साइड लावा, त्यावर रंगाचे दोन हात द्या आणि निश्चिंत व्हा.

पायाचे खालचे टोकच तेवढे गेले असेल तर सगळा पाय बदलू नका. सडलेला भाग कापून टाका, त्यावर बसेल असा किंचित मोठ्या व्यासाचा जी.आय., म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप दीड फूट चढवा आणि आरपार भोक पाडून दोन बोल्ट बसवा. वेल्डिंग करायचा मोह पुष्कळांना होतो, पण या शेडांचे पाइप इतके पातळ असतात की सांधण्याऐवजी तिथे भोकच पडते; शिवाय जस्ताचा मुलामा जळून जो धूर निघतो तो छातीत जाणे चांगले नाही, आणि मुलामा गेलेल्या जागी आपल्या हवेत गंज पुन्हा धरतो. सहापैकी एक-दोन पाय गेले असतील तर ही मलमपट्टी परवडते. सांधेच कुजले असतील तर मात्र सांगाड्यावर पैसे घालू नका. त्याचे काय करायचे ते शेवटी सांगतो.

आता कापड. फाटलेल्या कापडाला ठिगळ कसे लावायचे, हे कापड कशाचे आहे यावर ठरते, आणि इथेच पुष्कळ जणांचे गोंदाचे पैसे वाया जातात. ओळखायची युक्ती सोपी आहे. कापडाचा नखाएवढा तुकडा कापा, पाण्याच्या वाटीत टाका आणि बोटाने दाबून त्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे काढून टाका. तुकडा तरंगला तर ती एच.डी.पी.ई.ची, म्हणजे पॉलिथिनच्या पट्ट्या विणून केलेली साधी ताडपत्री आहे. बुडाला तर तो पी.व्ही.सी.चा थर दिलेला, ट्रकवर घालतात तसला जाड कपडा आहे. पी.व्ही.सी.ला पी.व्ही.सी.साठीच मिळणारे सोल्यूशन लावून ठिगळ उत्तम बसते. पॉलिथिनला मात्र बाजारातले साधे गोंद धरतच नाहीत. एका प्रेक्षकांनी सायकलच्या पंक्चरचे सोल्यूशन लावून पाहिले आणि ‘पहिल्याच पावसात ठिगळ गटारात गेले’ असे कळवले. ते जाणारच होते. पॉलिथिनला दोन्ही बाजूंनी त्याच ताडपत्रीचे तुकडे ठेवा आणि दाभणाने शिवा, आणि दोरा नायलॉनऐवजी पॉलिएस्टरचा घ्या, कारण उन्हात तो जास्त टिकतो. महामार्गालगत ट्रकच्या ताडपत्र्या शिवून देणारे कारागीर बसतात, त्यांच्याकडे हे काम थोडक्यात होते.

पण शिवण्याआधी कापडाचा उन्हातला भाग चिमटीत धरून ओढून पाहा. तो कागदासारखा टरकला, किंवा हाताला पांढरी भुकटी लागली, तर ऊन त्याला खाऊन बसले आहे. अशा कापडाला ठिगळ लावले की ठिगळ शाबूत राहते आणि त्याच्या कडेने कापड फाटते.

आता मी ज्यासाठी हा व्हिडिओ करतो आहे त्या मुद्द्यावर येतो. तुम्ही मला फाटलेल्या कापडांचे जे फोटो पाठवलेत, त्यांतल्या बहुतेकांत कापड एकाच जागी गेलेले आहे: दोन कैच्यांच्या, म्हणजे छत पेलणाऱ्या पाइपांच्या तिकोनी चौकटींच्या, बरोबर मधोमध. ऊन तर सगळीकडे सारखेच पडले होते, मग फाटले तिथेच का? कारण तिथे पाणी साचले. ताडपत्रीला आधी तिथे पोट सुटले, पोटात पाणी भरले, पाण्याने पोट आणखी वाढले, आणि एका रात्री सगळे गाडीच्या टपावर आले.

हिशेब करून पाहा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी, अर्थात एक किलो वजन. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि सरासरी १० सेंटिमीटर खोल असे पाण्याचे डबके कापडावर झाले तर त्याचे वजन १०० किलो भरते. तुमची शेड १० × २० फुटांची असेल तर तिचे छत साधारण साडेअठरा चौरस मीटर होते, आणि आषाढात एका दिवसात २०० मिलिमीटर पाऊस आपल्याकडे नवलाचा नाही. म्हणजे त्या छतावर दिवसभरात ३७०० लिटर पाणी उतरते. ते वाहून गेले तर काहीच होत नाही. त्यातले शंभर-दोनशे लिटर जरी थांबले, तरी कापड जाते नाहीतर पाइप वाकतो.

हिशेब नको असेल तर हर्णै बंदरात जाऊन या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या ओढून वर घेतलेल्या असतात आणि शाकारून ठेवलेल्या असतात. ते शाकारणे नीट पाहा. आधी मधोमध उंच आडवे लाकूड बांधतात, घराच्या आढ्यासारखे. त्यावरून दोन्ही बाजूंना आडव्या-उभ्या काठ्या येतात आणि मग त्यावर नारळाच्या विणलेल्या झावळ्यांचे झाप किंवा ताडपत्री पडते. कुठेही हात ठेवा, खाली काठी लागते. आपल्या कौलारू घरांचेही तेच आहे: आढे, वासे, रिपा, आणि पाखे असे उतरते की पागोळ्या थेट अंगणात. शेड बनवणाऱ्यांनी मात्र सहा पाय आणि तीन कैच्या दिल्या, आणि दोन कैच्यांमधल्या दहा फुटांत कापडाला देवाच्या भरवशावर सोडले. ज्या मुलखात वर्षाला ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, तिथे हे चालायचे नाही.

यावर लोकांनी शोधलेला उपाय म्हणजे केरसुणीचा दांडा. पाणी साचले की खालून दांड्याने ढोसायचे आणि धबधबा पाडायचा. मंडळी, मी हात जोडून सांगतो, हे करू नका. ढोसण्याचा सगळा जोर दांड्याच्या टोकाएवढ्या जागेवर येतो, कापड तिथे कायमचे ताणले जाते आणि पुढच्या सरीत त्याच जागी आणखी मोठे पोट सुटते. मागे एका गृहस्थांनी लिहिले की ते रोज पहाटे उठून पाणी काढतात आणि त्यांची शेड तीन वर्षे टिकली. त्यांच्या चिकाटीला नमस्कार, पण मला पहाटेची झोप प्रिय आहे.

खरा उपाय म्हणजे कैच्यांवरून लांबीच्या दिशेने आधार टाकणे. आढ्यावर एक आणि दोन्ही पाखांवर दोन-दोन, असे पाच सरळ बांबू पुरतात. सिंधुदुर्गात मिळणारा माणगा जवळजवळ भरीव असल्यामुळे या कामाला फार चांगला. गाठी तासून गुळगुळीत करा, म्हणजे कापड घासणार नाही. प्रत्येक कैचीला बांबू घट्ट बांधा आणि त्या बांधलेल्या जागी जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा. दहा फूट रुंदीच्या शेडला आढे कडेपेक्षा निदान दोन फूट उंच हवे. तेवढे नसेल तर आढ्याचा बांबू खाली ठोकळे देऊन उचला. हे सगळे जमले की नाही हे पाहायला मुलांचा रबरी चेंडू घ्या आणि तो आढ्यावरून ठिकठिकाणी सोडा. चेंडू जिथे थांबेल तिथे पाणी थांबेल. माझ्या शेडवर पहिल्या दिवशी तो दोनदा थांबला, मी दोनदा बांबू सोडून पुन्हा बांधले, आणि तोवर तो चेंडू माझा नाही हे मुलीने मला तीन वेळा ऐकवले.

एवढे झाल्यावरच नवे कापड आणा. निळी पातळ ताडपत्री स्वस्त दिसते, पण ती एक हंगाम काढेल. २०० ते २५० जी.एस.एम.ची, अतिनील किरणांना टिकणारी म्हणून विकली जाणारी घ्या. आता छापलेले जी.एस.एम. खरे आहे का, हे कसे कळणार? तराजूवर. जी.एस.एम. म्हणजे एका चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन. १८ × २४ फुटांची ताडपत्री साधारण ४० चौरस मीटर असते, म्हणजे २५० जी.एस.एम.ची असेल तर ती १० किलोंच्या आसपास भरलीच पाहिजे. मला एका दुकानात अशीच २५० म्हणून दिलेली ताडपत्री मी शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवली तर ती साडेसहा किलो भरली. परत घ्यायला ते तयार झाले, चेहरा मात्र प्रसन्न नव्हता.

निवडणुकीनंतर उरलेले फ्लेक्स वापरू का, असेही कित्येकांनी विचारले आहे. पावसाच्या झडीकडच्या बाजूला एक हंगाम आडोसा म्हणून लावायला हरकत नाही. छताला नको, कारण ते उन्हात ताठर होऊन तडकतात. शिवाय गाडी काढताना रोज एक उमेदवार तुमच्याकडे पाहून हात जोडतो, ते वेगळेच. चारही बाजू मात्र कशानेही बंद करू नका. आपल्या दमट हवेत बंद शेडमध्ये ओली गाडी ठेवली की गाडीलाच गंज धरतो, आणि वाऱ्यालाही शिडासारखे मोठे अंग मिळते.

वाऱ्याचे माझे स्वतःचे शिक्षण ३ जून २०२० रोजी झाले. निसर्ग चक्रीवादळाने त्या दिवशी रायगडाबरोबर आमच्या दापोली-मंडणगडाकडेही काय केले ते इथल्या कोणाला सांगायला नको. माझी पहिली शेड मी जमिनीत खुंट्या ठोकून आणि सुंभाने करकचून आवळून बसवली होती. ती उडाली, गडगा ओलांडून शेजारच्या तात्यांच्या गोठ्यावर पडली, आणि तात्यांनी ती पुढचे चार महिने परत मागू दिली नाही, कारण त्यांच्या गोठ्याची कौले उडाली होती आणि शेडच्या कापडाखाली म्हशी उभ्या होत्या.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्यात अशा छताला वर उचलणारा जोर ३०० किलोंच्या घरात जाऊ शकतो. आपल्या कातळावर खुंटी आत जात नाही आणि पुळणीत ती धरत नाही, त्यामुळे रंगाचे २० लिटरचे सहा रिकामे डबे घ्या, प्रत्येकात एक पाय उभा करा आणि काँक्रीट भरा. एका डब्याचे वजन ४८ किलोंच्या आसपास होते, सहांचे मिळून जवळजवळ २९० किलो, आणि एवढ्याला सिमेंटची एक गोणी पुरते. पायाचे टोक तळाला टेकवू नका, खाली चार बोटे काँक्रीट आधी घाला, म्हणजे ते कुजणार नाही. नारळाच्या झाडाखाली शेड चालेल का, असे विचारणाऱ्यांनी वर बघून स्वतःच उत्तर द्यावे. नारळ अडवेल अशी ताडपत्री मला अजून भेटलेली नाही.

सांधेच कुजलेल्यांसाठी आता. जागा कायमची असेल तर मी पुन्हा फोल्डिंग शेड घेणार नाही. त्याच सहा डब्यांत जाड जी.आय. पाइप किंवा जुने पोफळीचे सोट उभे करा, वर माणग्याच्या कैच्या आणि त्यावर हीच ताडपत्री; पत्रा पुढे कधी परवडला तर त्याच खांबांवर चढवता येतो, पण वाऱ्याचा जोर आला की पत्रा सोडवता येत नाही, त्यामुळे तेव्हा खांब जमिनीत नीट पाया खणूनच गाडावे लागतील. फक्त उन्हासाठी हवी असेल तर रोपवाटिकेत वापरतात ती शेडनेट सर्वांत स्वस्त पडते, आणि तिच्यातून वारा निघून जातो.

शेवटचे काम कापड बांधण्याचे. ताडपत्रीच्या कडेला कड्या बसवलेली भोके असतात त्या डोळ्यांतून दोरी ओवून आवळली की प्रत्येक झोतासरशी सगळा हिसका त्या डोळ्यावर येतो आणि तो कापडासकट उपटतो. पंक्चरवाल्याकडून मोटरसायकलची जुनी ट्यूब आणा आणि तिचे दोन बोटे रुंद काप करा. एकेक काप डोळ्यातून आणि पाइपाभोवती घेऊन लाकडाच्या छोट्या खिट्टीने अडकवा. वारा आला की ट्यूब ताणते आणि पुन्हा जागेवर येते. दर फुटाला एक काप लावा, आणि सुरी गाडीतच ठेवा. वादळाचा इशारा ताशी १०० किलोमीटरचा असेल तेव्हा २९० किलोंचे डबे पुरणार नाहीत. सगळे काप सरळ कापायचे, कापड गुंडाळून पडवीत टाकायचे आणि सांगाडा तसाच उभा ठेवायचा. गेल्या वर्षी घड्याळ लावून पाहिले तर मला या कामाला सहा मिनिटे लागली, आणि त्यातली दोन सुरी शोधण्यात गेली.