ग्लेशियर बे: दिवसाला फक्त दोन जहाजं

(पहाट, वरच्या डेकवरून खाली)

अलास्कातल्या ग्लेशियर बे ह्या खाडीत आमचं जहाज आता जवळजवळ रांगतंय, आणि खाली बघा, एक छोटी बोट त्याला अगदी खेटून चाललीय. त्यात नॅशनल पार्कचे रेंजर आहेत. जहाज काही त्यांच्यासाठी थांबत नाही हं, वरून शिडी सोडतात, बोट लाटेबरोबर वर आली की नेमका तेव्हाच पाय टाकायचा आणि सरसर वर चढायचं. आता दिवसभर स्पीकरवर हेच बोलणार, कॅप्टन नाही. वर डेकवर कानटोप्यांची गर्दी, त्यात आपली मंडळी पण भरपूर, मुलगा किंवा मुलगी सिअ‍ॅटलला नाहीतर बे एरियात असते आणि उन्हाळ्यात आई-बाबा आले की अलास्का क्रूझ ठरलेलीच. "अहो तुम्ही स्वेटर घातलात का" हे मागे ऐकू येतंय ते त्यातलंच, एडिटमध्ये मुद्दाम ठेवलंय.

(दोन्ही बाजूंचे डोंगर, हळू पॅन)

हे सगळं पाणी आत्ता आत्ताचं आहे. 1794 मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हरच्या मोहिमेतले लोक इथून गेले तेव्हा ही खाडी नव्हतीच, बर्फाच्या भिंतीत नुसती एक खाच होती. 1879 मध्ये निसर्ग-अभ्यासक जॉन म्यूर होडीतून आला तोवर बर्फ 30 मैलांहून जास्त मागे गेला होता, आणि 1916 पर्यंत जवळजवळ 60 मैल. म्हणजे बघा, इथलं बहुतेक वितळणं आपल्या गाड्या-विमानांच्या आधीच झालंय, लहान हिमयुग, म्हणजे काही शतकांचा थंडीचा काळ, संपलं त्यामुळे, त्यामुळे डेकवर उभं राहून सरसकट "ग्लोबल वॉर्मिंग, ग्लोबल वॉर्मिंग" म्हणणाऱ्यांनी जरा दम धरावा. अर्थात आता अलास्कातल्या बहुतेक हिमनद्या आक्रसतायत ती गोष्ट वेगळी, आणि ती आपलीच करणी.

(रेंजरबरोबरची बाई, माइक हातात)

ह्या बाई हूना क्लिंगिट समाजाच्या. ही खाडी ह्यांचं मूळ घर. अठराव्या शतकात हिमनदी पुढे पुढे सरकत आली, गावं गिळली, आणि माणसं जीव घेऊन निघाली ती शेवटी हूना गावात स्थिरावली. पुढे बर्फ मागे गेला, पण तोपर्यंत सरकार आलं. 1925 मध्ये इथे राष्ट्रीय स्मारक झालं, 1980 मध्ये नॅशनल पार्क, आणि मग स्वतःच्याच घरात शिकार करायची नाही, सीगलची अंडीसुद्धा गोळा करायची नाहीत. अंड्यांचं काय एवढं असं वाटेल, पण वसंतात सगळं कुटुंब होडीतून बेटावर जायचं, आजीने नातवाला कुठल्या घरट्यातली घ्यायची आणि कुठली सोडायची ते दाखवायचं, तो त्यांचा सणच होता. ती परवानगी देणारा कायदा व्हायला 2014 उजाडलं. 2016 मध्ये बार्टलेट कोव्हला त्यांचं लाकडी कुळघर उभं राहिलं. आमचं जहाज तिथे थांबत नाही, म्हणून ते घर इथे दिसणार नाही.

(मार्जरी हिमनदी, समोरून)

आणि ही मार्जरी. 21 मैल लांब, पाण्याच्या वर साधारण 250 फूट, म्हणजे पंचवीस मजली इमारतच, फक्त निळी. बर्फावर बर्फ पडून दाबला जातो, आतली हवा निघून जाते, लाल रंग आत शोषला जातो आणि निळा तेवढा बाहेर येतो. कॅमेऱ्याने काही केलेलं नाही, कलर करेक्शन पण नाही. आता तो कोपरा बघत राहा... पडला! आवाज नंतर आला ना? जहाज इथेच हळूहळू गोल फिरतं, म्हणजे डाव्या बाल्कनीवाल्यांनाही दिसतं आणि उजव्यांनाही, उगाच महाग केबिन घेऊ नका.

बर्फाच्या तुकड्यांवर ते काळे ठिपके दिसतायत ते सील. शेजारच्या जॉन्स हॉपकिन्स खाडीत त्यांची पिल्लं बर्फावर जन्मतात, म्हणून 31 ऑगस्टपर्यंत क्रूझला तिथे बंदी. व्हेलचे शॉट धड आले नाहीत, ते सोडतोय.

तुमच्या लक्षात आलं का, एवढा वेळ फ्रेममध्ये दुसरं जहाज आलेलंच नाही. इथे दिवसाला दोनच मोठी जहाजं सोडतात. निसर्गाची कृपा वगैरे काही नाही, कोणीतरी बसून नियम केला आणि तो पाळला.

(जूनो, बंदर)

आता हे जूनो. अलास्काची राजधानी, बत्तीसेक हजार वस्ती, बाहेर जायला रस्ता नाही, आणि धक्क्याला ओळीने लागलेली ही जहाजं, रस्त्यावर सगळे आमच्यासारखेच, दागिन्यांची दुकानं मोजायला घेतली तर दमाल. 2024 पासून दिवसाला पाचच मोठी जहाजं आणि 2026 पासून माणसांवरही मर्यादा, रोज 16,000, शनिवारी 12,000. मेंडेनहॉल हिमनदीजवळचं अडलेलं पाणी फुटून 2023 पासून दर ऑगस्टला इथे पूर येतोय, लोकांच्या घरात पाणी जातं, ते आम्ही शूट केलेलं नाही. शनिवारी एकही मोठं जहाज नको असा प्रस्ताव 2024 च्या ऑक्टोबरमध्ये मतदानाला आला होता, पण जूनोकरांनी तो पाडला. ज्यांचं दुकान, टूरबस, होडी ह्याच गर्दीवर चालते ते दुसरं काय करणार.