जुनी व्हॅल्यू न पुसता मॅपिंग

समजा, फोंड्यातल्या एका सुपारी खरेदी करणाऱ्या दुकानाचं सॉफ्टवेअर आहे. बागायतदाराची नोंद अशी: नाव, गाव सावईवेरें, मोबाईल आणि त्याला द्यायची बाकी ४,५०० रुपये. फॉर्मवरून फक्त नवा मोबाईल नंबर आला. ही नवी माहिती जुन्या नोंदीत उतरवणं म्हणजे मॅपिंग. त्यासाठी आपण जावास्क्रिप्टचं ऑब्जेक्ट.असाइन, म्हणजे एका ऑब्जेक्टमधलं दुसऱ्यात उतरवणारं फंक्शन, लावून मोकळे झालो, नंबर बदलला आणि गाव उडालं. कारण फॉर्मच्या ऑब्जेक्टमध्ये गावाची की (फील्डचं नाव) होती, फक्त तिच्यात अनडिफाइन्ड, म्हणजे 'काही दिलेलंच नाही', होतं. असाइन की दिसली की तिच्यात जे असेल ते उचलून टाकतं. ऑब्जेक्टच्या आधी तीन टिंबं देऊन त्याच्या कीज उतरवणारा स्प्रेडही तसाच.

'ओव्हरराइट नको' असं आपण म्हणतो, पण त्यात दोन वेगळे नियम आहेत, आणि बहुतेक बग इथूनच निघतात. जुनं भरलेलं असेल तर हात लावायचा नाही, हा एक. नवीन काही आलं असेल तरच जुनं बदलायचं, हा दुसरा. कोड लिहायच्या आधी कुठला हवाय ते ठरवाच.

पहिल्यासाठी जावास्क्रिप्टमध्ये २०२१ पासून दोन प्रश्नचिन्हं आणि बरोबरचं चिन्ह आहे. डावीकडे नल (मुद्दाम ठेवलेलं 'काही नाही') किंवा अनडिफाइन्ड असेल तरच ते भरतं. दुसऱ्यासाठी नव्या ऑब्जेक्टच्या कीजवर लूप फिरवा आणि अनडिफाइन्ड दिसलं की ती की सोडून पुढे जा. तिथे 'नवं, नाहीतर जुनं' म्हणून दोन उभ्या रेघांचा ऑर मात्र लिहू नका. बागायतदाराचे पैसे चुकते झाले, नवी बाकी ० आली. ऑरच्या लेखी शून्य म्हणजे रिकामं, म्हणून ४,५०० तसेच राहतात आणि दुकान तेच पैसे दुसऱ्यांदा देतं. रिकाम्या स्ट्रिंगचंही तेच.

मग नलचं काय? मोबाईल मुद्दाम काढून टाकायचा असेल तर? जेसन (डेटा मजकूर म्हणून पाठवायची पद्धत) वापरून अर्धवट बदल कसे पाठवायचे याचं स्टँडर्ड म्हणजे जेसन मर्ज पॅच, आरएफसी ७३९६. ते हे स्वच्छ सांगतं: की नसेल तर जुनं राहू द्या, नल असेल तर काढा. ऑब्जेक्टचं जेसन करणारं जेसन.स्ट्रिंगिफाय ऑब्जेक्टमधल्या अनडिफाइन्ड कीज गाळतं आणि नल ठेवतं, त्यामुळे हा फरक सर्व्हरपर्यंत टिकतो.

सर्व्हर सी शार्पमध्ये असेल तर तो फरक तिथे हरवू शकतो. क्लासमध्ये बाकी साधा इंट (पूर्णांक, ज्यात नल बसत नाही) असेल तर न पाठवलेली बाकीही ० होऊन येते, म्हणून येणाऱ्या डेटाच्या क्लासमध्ये तो नलेबल, म्हणजे नल चालणारा, करा. ऑटोमॅपर, म्हणजे सी शार्पमध्ये मॅपिंग करून देणारी लायब्ररी, वापरत असाल तर तिच्या मॅप फंक्शनला सोर्स (नवा डेटा) आणि डेस्टिनेशन (जुनी नोंद) दोन्ही द्या. नुसता सोर्स दिलात तर नवं कोरं ऑब्जेक्ट हातात येतं. सगळ्या फील्ड्सना एकच नियम लावणाऱ्या फॉरऑलमेंबर्समध्ये 'नल नसेल तरच' ही कंडिशन सगळेच लावतात, पण नलेबल इंटवरून साध्या इंटवर जाताना तिच्यावर विसंबू नका. त्या जोडीसाठी वेगळा कन्व्हर्टर लिहा: सोर्स नल असेल तर डेस्टिनेशनमधलीच व्हॅल्यू परत द्यायची.

आतल्या ऑब्जेक्टकडे खास लक्ष असू द्या. असाइन एकच थर बघतं. पत्त्यात फक्त पिनकोड पाठवलात तर अख्खा पत्ता बदलतो, वाडा आणि घर नंबर जातात. तिथे आतल्या पत्त्यावर तोच लूप पुन्हा चालवावा लागतो. यादी आली तर ऑटोमॅपर जुनी यादी आधी रिकामी करतो, मग नवी भरतो.

टेस्ट लिहिताना प्रत्येक फील्डला चार इनपुट द्या: की नाही, नल, शून्य किंवा रिकामी स्ट्रिंग, आणि खरी नवी व्हॅल्यू.