सात इंचांचा चिरा

(दृश्य: सकाळ. रिक्षाच्या मागे दोरीने बांधलेली घडीची व्हीलचेअर.)

रत्नागिरीची टिळक आळी. लोकमान्य टिळकांचं जन्मघर बघायला आलोय. आत्या मागच्या वेळी इथे आली ती स्वतःच्या पायांनी. आज तिची खुर्ची सोबत आहे. दिवाळी उलटल्यावर यायचं, हे तिनंच ठरवलं. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं आणि चाक सरकतं. निघण्याआधी फोन करून आधी संडासाची चौकशी केली, मग तिकिटाची.

23 जुलै 1856 रोजी लोकमान्य टिळक या आळीत जन्मले. वडील गंगाधरपंत शिक्षक. 1866 मध्ये बिऱ्हाड पुण्याला हललं. म्हणजे रत्नागिरीच्या वाट्याला टिळक आले ते जेमतेम दहा वर्षं.

(दृश्य: उतरती कौलं. कॅमेरा हळूहळू खाली, जोत्यावर.)

कोकणातलं घर बघायला आलेले लोक कौलांकडे बघतात. आम्ही जोत्याकडे. इथे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस. पाणी आणि ओल घरात शिरू नये म्हणून चिऱ्यांचं जोतं उंच ठेवायचं, हे इथलं जुनं शहाणपण. तेच जोतं आता खुर्ची अडवतं. दोष द्यायचा तर पावसालाच द्यावा लागेल.

रॅम्पचा हिशेब सोपा आहे. एक इंच चढायला बारा इंच लांबी. सात इंचांच्या एका पायरीला सात फूट, तीन पायऱ्यांना 21 फूट. तेवढ्यात जुन्या आळीतलं अंगण संपतं! मग कुणीतरी आखूड फळी तिरकी टाकतं आणि म्हणतं, झाला रॅम्प. तसल्या उतारावर खुर्ची मागे उलटते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारती सुगम करायला सांगितल्या आहेत, पण जुन्या वास्तूत एकही चिरा न फोडता ते साधायचं असतं. काढता-घालता येणारा लांब रॅम्प, हा त्यातल्या त्यात मला पटलेला उपाय.

(दृश्य: पायऱ्यांसमोर आत्या. दोन्ही बाजूंना भाचे.)

"आत्या, तुला उचलूनच नेतो."

"काही नको. मी काय गणपती आहे?"

1893 मध्ये ज्यांनी गणपती चौकात आणला, त्यांच्याच दारात! तिच्या ते ध्यानात होतं का, कुणी विचारलं नाही.

मग तिनंच शिकवलं. खुर्ची उलटी फिरवा, पाठ पायऱ्यांकडे. ब्रेक सोडा. मागचा मुठी धरून ओढेल, पुढचा खालची फ्रेम धरेल. खुर्चीच्या हातांना धरू नका, ते निसटून येतात. मोठी चाकं पायरीला टेकवा आणि एकेक पायरी, घाई नाही.

(दृश्य: खुर्ची वर चढते. आत्याचं तोंड अंगणाकडे.)

उंबऱ्याशी पोचल्यावर तिनं हात वर केला. थांबा.

"सगळे आत बघत शिरतात," ती म्हणाली. "मला अंगण सबंध दिसलं."