तीस टक्के होती, तरी फोन बंद पडला

नमस्कार. भर मे महिन्यात गोदाकाठी बसून व्याख्यानं ऐकणारं हे आपलं नाशिक, म्हणून बॅटरीसारख्या विषयावर पाऊण तास बोलायला मी उभी राहिले आहे. मला दिलेला विषय 'स्मार्टफोन कसा निवडावा' असा आहे आणि त्याच्याकडे मी येणारच आहे. पण आधी निफाडची एक रात्र सांगते. ती कळली की निवडीचं अर्धं काम झालं.

माझ्या दादाची द्राक्षबाग निफाड तालुक्यात आहे. निफाडचा पारा हिवाळ्यात किती उतरतो हे तुम्हाला काय सांगायचं, सकाळी पेपर उघडला की आपण आधी तोच आकडा बघतो. मण्यांत पाणी उतरलं होतं आणि पहाटे दोनच्या सुमारास गारठा एकदम वाढला. बागाईतदार बसले असतील त्यांना माहीत आहे, अशा वेळी थंडी लागली की मणी तडकतो. ठिबकनं पाणी सोडायचं, जागोजागी शेकोट्या करायच्या, आणि त्यासाठी वस्तीवरची माणसं उठवायची. दादानं बागेतूनच फोन लावला. स्क्रीनवर बॅटरी तीस टक्के होती. रिंग जायच्या आत फोन काळा पडला, पुन्हा सुरूच होईना. शेवटी तो अंधारात वस्तीवर चालत गेला. त्यात अर्धा तास मोडला. बाग वाचली, कडेच्या दोन ओळी मात्र तडकल्या. घरी आल्यावर वहिनीनं तोच फोन चुलीपासून हातभर अंतरावर ठेवला, अंगातला गारठा गेला तसा तो आपोआप चालू झाला आणि सत्तावीस टक्के दाखवायला लागला! दादा म्हणाला, ''हा फोन माझ्याशी खोटं बोलला.''

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं, जिथून फोन घेतला होता त्याच दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलानं फोन उलटासुलटा केला आणि म्हणाला, ''काका, जुना झाला हा. एक्स्चेंजमध्ये लावून देतो, नवीन घ्या.'' फोन दोन वर्षांचा. दादा म्हणाला, ''अरे, तुम्ही सांगितलं तसंच वागलो. पहिल्या दिवशी आठ तास चार्जिंगला ठेवला. नंतर पार शून्यावर आल्याशिवाय कधी चार्जर लावला नाही.'' त्यावर तो मुलगा म्हणाला, ''बरोबर केलंत.''

ते बरोबर नव्हतं. एकतीस वर्षं मी फिजिक्स शिकवलं आणि एवढं साधं चुकीचं वाक्य काउंटरवरून रोज कितीतरी लोकांना सांगितलं जातं, याचा मला अजून राग येतो. हा सल्ला जुन्या काळच्या निकेल-कॅडमियम बॅटरीचा आहे. ती अर्धवट वापरून पुन्हापुन्हा चार्ज केली तर तिची क्षमता घटल्यासारखी व्हायची, म्हणून ती पूर्ण उतरवायला सांगत. आपल्या फोनमध्ये लिथियम-आयन बॅटरी आहे. सोनी कंपनीनं ती १९९१ मध्ये बाजारात आणली. तिच्या संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते, आजवरचे सर्वांत वयोवृद्ध नोबेल मानकरी. बॅटरी बदलून तीस-पस्तीस वर्षं झाली, सल्ला तोच राहिला.

आत काय चालतं ते बघा. फोन चार्जिंगला लावला की लिथियमचे कण एका बाजूनं निघतात आणि दुसऱ्या बाजूच्या ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात, वहीच्या पानांत पिंपळपान ठेवावं तसे. फोन वापरला की ते परत फिरतात. प्रत्येक खेपेला थोडे कण अडकून पडतात आणि ग्रॅफाइटवर एक पापुद्रा साचत जातो. उष्णता असेल तर तो पापुद्रा झपाट्यानं वाढतो. बॅटरी तासन्‌तास शंभर टक्क्यांवर ठेवली तरी वाढतो. दर वेळी शून्यापर्यंत उतरवणंही तिला जड जातं. दादाचा फोन दिवसभर बाइकच्या हँडलवर उन्हात असायचा आणि रात्री शून्यावरून शंभरपर्यंत चार्जिंगला, जाड कव्हरसकट, उशीखाली. दोन वर्षांत त्या बॅटरीचं वय झालं.

पापुद्रा जाड झाला की वीज बाहेर यायला अडखळते, आणि थंडीत अडखळणं आणखी वाढतं. कॉल लावताना फोन एकदम जास्त वीज ओढतो. त्या क्षणी व्होल्टेज कोसळतं आणि फोन बंद होतो. दादाला मी म्हटलं, ''ठिबकच्या नळीत क्षार साचले की टाकी भरलेली असून झाडाला पाणी पोचत नाही, तसं झालंय. तीस टक्के होतेच, तुझ्यापर्यंत आले नाहीत.'' त्याला लगेच कळलं.

महागड्या फोनचंही असंच होतं. डिसेंबर २०१७ मध्ये अ‍ॅपलनं मान्य केलं की जुन्या आयफोनचा वेग ते सॉफ्टवेअरमधून कमी करत होते, कारण थकलेल्या बॅटरीमुळे फोन असेच अचानक बंद पडत होते. लोक भडकले, तेव्हा कंपनीनं बॅटरी बदलायचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. आम्ही दादाच्या फोनची नुसती बॅटरी बदलली. खर्च नव्या फोनच्या दहाव्या हिश्श्याइतकासुद्धा आला नाही आणि तो फोन पुढे दोन हिवाळे चालला.

एक गोष्ट मध्येच सांगते, नाहीतर राहून जाईल. फोनचं मागचं झाकण उचललेलं दिसलं तर आतली बॅटरी फुगली आहे, आत वायू तयार झाला आहे. ती दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका आणि घंटागाडीत तर मुळीच टाकू नका. टोचली गेली तर ती पेट घेऊ शकते, आणि त्या गाडीवर माणसं काम करत असतात.

दहा मिनिटं राहिली अशी चिठ्ठी आली आहे, तेव्हा आता भराभर.

रोजची बचत. सर्वांत जास्त वीज स्क्रीन खाते, ब्राइटनेस उतरवा. स्क्रीन १२० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारी असेल, तर ६० वर आणून बघा. काळी पार्श्वभूमी ओएलईडी स्क्रीनवरच उपयोगाची, कारण तिथे काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका. एलसीडीत मागचा दिवा जळतच राहतो. रेंज कमी असली की फोन जोर लावून टॉवर शोधतो, म्हणून मुंबईला जाताना इगतपुरी-कसारा घाटात फोन फ्लाइट मोडवर टाका. अ‍ॅप सारखी सारखी बंद करू नका, ती नव्यानं उघडायलाही वीज लागते. ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय बऱ्याच नव्या फोनमध्ये आहे, ती चालू करा. वीजबिलासाठी मात्र हे करू नका. बॅटरीत किती वीज मावते ते एमएएचमध्ये मोजतात. ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॉट-अवर, आणि बिलावरचं एक युनिट म्हणजे १००० वॉट-अवर, तेव्हा एका युनिटमध्ये ती पन्नासेक वेळा भरते.

आता निवड. एमएएचचा मोठा आकडा बघून भुलू नका. सिलिकॉन-कार्बन या नव्या प्रकारच्या बॅटरीमुळे आता ६०००-७००० एमएएचही सडपातळ फोनमध्ये मावतात, पण चिप आणि स्क्रीन खादाड असेल तर संध्याकाळी हाती तेवढंच उरतं. दुकानात तीन प्रश्न विचारा: सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार, नाशिकमध्ये सर्व्हिस सेंटर कुठे आहे, आणि कंपनीची बॅटरी बदलायला किती पैसे पडतात. तिसऱ्याचं उत्तर मिळत नसेल तर तो फोन ठेवून द्या. युरोपात २० जून २०२५ पासून फोनवर ऊर्जेचं लेबल सक्तीचं आहे. बॅटरी किती चक्रं, म्हणजे किती वेळा पूर्ण भरून-उतरून, टिकते तेही त्यावर छापतात, आणि ८०० चक्रांनंतर किमान ८० टक्के क्षमता उरायलाच हवी असा तिथला नियम आहे. तुम्ही बघताय ते मॉडेल तिकडे विकलं जात असेल तर लेबल शोधा आणि दोन फोनमध्ये जास्त चक्रांचा घ्या, कॅमेरा थोडा डावा असला तरी.

दुसरी चिठ्ठी आली. ज्यांचा फोन आत्ता खिशात गरम लागतोय त्यांनी कव्हर काढून तो पंख्याखाली ठेवा. आणि बॅटरी फुगल्याची शंका असेल त्यांनी चहाला जायच्या आधी मला भेटा, मी दाराशी उभी आहे.