तिसऱ्या दिवसाचा पोरगा

नमस्कार. आज बोलायचंय ते एजन्सीच्या, म्हणजे कॉन्ट्रॅक्टरने पुरवलेल्या मुलांना कामावर लागतं त्याबद्दल. मी वकील नाही हं, 22 वर्षं गोव्यात कुंडई आणि वेर्ण्याच्या फॅक्टऱ्यांमध्ये सेफ्टी बघितली, तेव्हा जे डोळ्यांसमोर झालं तेच बोलणार.

अपघात झाला की रिपोर्ट भरायचा, आमच्याकडे त्यात एक रकाना होता, अनुभव किती. परमनंट माणूस असला की 11 वर्षं, 14 वर्षं असं काहीतरी. एकदा मी तिथे लिहिलं, तीन दिवस. पोरगा वाळपईकडचा, एजन्सीने पॅकिंगला म्हणून पाठवलेला, दोन दिवस त्याने खोकीच चिकटवली. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी आलेली, पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेस मशीनवरचा ऑपरेटर गावाला, मग सुपरवायझर याला म्हणाला, जा रे, नुसतं बटण तर दाबायचंय. आता पॉवर प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय डाय, म्हणजे वरचा साचा, खाली येतच नाही, म्हणजे हात आत राहायचा प्रश्नच नको. पण त्या मशीनच्या डाव्या बटणात कुणीतरी काडेपेटीची काडी खुपसून वरून टेप मारलेली, प्रॉडक्शन पटापट निघावं म्हणून. जुन्या ऑपरेटरला ते ठाऊक, तो हात सांभाळून काम करायचा. याला कोण सांगणार? डाव्या हाताची दोन बोटं गेली.

आणि रिपोर्टात कारण काय लिहून आलं, कामगाराचा निष्काळजीपणा! मी ते खोडायला लावलं, काडीचं लिहायला लावलं, त्यावरून भांडणही झालं. असो.

लोक म्हणतात ही एजन्सीची मुलं मस्तीखोर, सारखी मोबाईलमध्ये. असतील काही, नाही म्हणत नाही. पण नव्या जागेवर पहिले काही दिवस कुणाचाही हात चुकतो, तुमचा-माझासुद्धा, आणि परमनंट माणूस एका कंपनीत नवा होतो एकदाच, हा पोरगा दर तीन महिन्यांनी नवा. आज वेर्णा, पावसानंतर तिवी, मग कुठे पिसुर्ले. जरा मशीनचा आवाज ओळखायला लागला की त्याची बदली.

शूजचंच घ्या. सेफ्टी शूज कंपनीचे, मुलं बदलत राहतात, शूज तेच. सात नंबरच्या पायात नऊ नंबरचा बूट, आत वर्तमानपत्र कोंबलेलं, वर आदल्या शिफ्टच्या घामाने ओला. असा बूट घालून तो तेल सांडलेल्या फरशीवर ट्रॉली ढकलणार. कुणाकडे मागायचे नवे? कंपनी म्हणते तुझ्या कॉन्ट्रॅक्टरला सांग, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो कंपनीत माग. आणि फार मागितलं तर उद्यापासून येऊ नको, म्हणून तो मागतच नाही, लागलं तरी फडकं बांधून काम करतो.

कायद्यात मात्र ही टोलवाटोलवी चालत नाही. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्यातच होतं की कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाला लागलं तर भरपाई मूळ मालकाकडे मागता येते, त्याने ती मागाहून कॉन्ट्रॅक्टरकडून वसूल करावी. ज्याला ईएसआय, म्हणजे पगारातून कापून चालणारा सरकारी कामगार विमा आहे त्याला ही भरपाई नाही, त्याला ईएसआयकडून मिळतं. 1970 चा कंत्राटी कामगार कायदा 20 माणसांपासून लागायचा, 2020 च्या कामगार सुरक्षेच्या नव्या कायद्यात, म्हणजे कोडमध्ये, तो आकडा 50 केलाय, मला विचाराल तर हे उलटं झालं, कारण लहान कॉन्ट्रॅक्टरकडेच जास्त गोंधळ. त्याच कोडमध्ये एक चांगलंय, प्रत्येकाला अपॉइंटमेंट लेटर द्यायचं. ते मागून घ्या, निदान कुठल्या कामाला ठेवलंय ते कागदावर येतं.

आता ही चिठ्ठी आलीय, मागून कुणीतरी दिली. विचारलंय, एजन्सीवाला म्हणतो ईएसआय तीन महिन्यांनी लागू होतो, खरं काय? साफ खोटं. आजारपणाच्या पैशांना काही दिवसांचे हप्ते भरलेले लागतात, ते वेगळं. पण कामावर लागलं तर पहिल्या दिवसापासून, पहिल्या तासापासून म्हणा, उपचार, आणि तीन दिवस किंवा जास्त घरी बसावं लागलं तर त्या दिवसांचे पगाराच्या 90 टक्क्यांनी पैसे. पगार 21,000 पर्यंत असला पाहिजे, आणि तुमच्या पगारातून कापतात ते फक्त 0.75 टक्के, बाकी 3.25 मालकाचे. पगाराच्या स्लिपवर ते कापलेलं दिसतं आणि ईएसआयचा नंबर मात्र दिलेला नाही, असं कुणाकुणाचं आहे इथे? हात वर करा बघू. बाप रे. बरं, तुम्ही सगळे चहा घेऊन इथेच थांबा, स्लिपा घेऊन बसू.