चट्टा तपासायचा कसा? लेवीय १३ आणि १४ नीट वाचू या

नमस्कार मंडळी. बायबलला जंतुसंसर्ग आधीच ठाऊक होता, असं ठासून सांगणारे बरेच जण भेटतात. आज थेट मजकूरच उघडू. लेवीय, अध्याय १३ आणि १४. विषय त्वचेवरचे चट्टे, हिब्रूत त्साराअत.

अंगावर सूज, खवंद किंवा तकतकीत डाग दिसला की माणसाला याजकाकडे न्यायचं. याजक औषध देत नाही, लेप लावत नाही. तो पाहतो. चट्ट्यातले केस पांढरे झालेत का? चट्टा कातडीपेक्षा खोल दिसतोय का? दोन्ही असेल तर तिथल्या तिथे ‘अशुद्ध’, म्हणजे धार्मिक दृष्ट्या विटाळलेला. दोन्ही नसेल, नुसता पांढरा डाग असेल, तर ७ दिवस कोंडून ठेवायचं आणि सातव्या दिवशी पुन्हा पाहायचं. पसरला नाही? आणखी ७ दिवस. त्यानंतर डाग फिका पडला असेल, तर ते साधं खवंद. कपडे धुतले की माणूस शुद्ध.

डोक्यावर किंवा दाढीत चट्टा असेल, तर केसांमुळे तो पसरला की नाही हे कळत नाही. म्हणून पहिल्या ७ दिवसांनंतर भोवतालचे केस भादरायचे, चट्ट्यावर मात्र वस्तरा फिरवायचा नाही. सुमारे इ.स. २०० च्या मिश्नामध्ये, म्हणजे ज्यू धर्मनियमांच्या संग्रहात, यात आणखी बारकावा आहे: चट्ट्याला लागून २ केस ठेवायचे. डाग त्या केसांपलीकडे गेला की पसरला!

उजेडाचेही नियम मिश्नातच आहेत. भल्या सकाळी, संध्याकाळी, घरात किंवा ढगाळ दिवशी तपासायचं नाही; तेव्हा मंद पांढरा डागही उजळ भासतो. भर दुपारी उलटं होतं, उजळ डाग मंद दिसतो. अधू नजरेच्या याजकाने तपासायचं नाही, आणि कुणीही स्वतःचा चट्टा स्वतः ठरवायचा नाही. निरीक्षणाची ही शिस्त मला खरोखर थोर वाटते.

पण त्साराअत म्हणजे आजचा कुष्ठरोग नव्हे. नॉर्वेचे डॉक्टर हॅन्सेन यांनी १८७३ मध्ये ज्याचा जंतू शोधला, त्या रोगात चट्टा बधिर होतो आणि सगळं फार सावकाश चालतं. लेवीयमध्ये बधिरपणाचा उल्लेखच नाही. शिवाय इथे लोकरी कपड्याला, चामड्याला, घराच्या भिंतीलाही त्साराअत होतो. भिंतीवर हिरवट किंवा तांबूस खळगे दिसले की घर ७ दिवस बंद. पसरले तर ते दगड काढायचे, आतला गिलावा खरवडून गावाबाहेर टाकायचा, नवे दगड, नवा गिलावा. परत उमटलं तर घर पाडायचं. बुरशीचंच हे वर्णन असावं.

मग संसर्गाचं काय? याजक पाहायला येण्याआधी घरातलं सामान बाहेर काढायला सांगितलंय, म्हणजे ते अशुद्ध ठरणार नाही. रोगाची लागण टाळायची असती, तर हेच सामान आधी अडवलं असतं. चट्टा डोक्यापासून पायापर्यंत पसरून सगळं अंग पांढरं पडलं, तर माणूस शुद्ध. आणि मिश्नात नवरदेवाला लग्नाचे ७ दिवस तपासणीतून सूट आहे.