दुरा-युरोपोस: तटालगतची दोन घरं

ही आजच्या सीरियातली युफ्रेटिस नदी. काठावरचा हा उंच कडा, आणि त्यावर दुरा-युरोपोस, रोमन साम्राज्याच्या पूर्व सरहद्दीवरचं ठाणं.

पश्चिमेच्या तटाला लागून एक गल्ली जाते. गल्लीतलं एक साधं घर ख्रिस्ती मंडळीकडे आलं. मधली भिंत पाडून त्यांनी दोन खोल्यांची एक केली आणि शेजारच्या लहान खोलीत बाप्तिस्म्याचं, म्हणजे ख्रिस्ती दीक्षास्नानाचं, कुंड बांधलं. गिलाव्यावर कोरलेलं साल आपल्या हिशेबाने २३२-३३.

त्याच गल्लीत ज्यूंचं सभास्थान. मुळात तेही राहतं घरच. छताच्या रंगवलेल्या फरश्यांवर अरमाईक मजकूर आहे: २४४-४५.

त्याआधी काही दशकं सार्दिसचे बिशप मेलितो यांनी येशूच्या मृत्यूचा दोष सगळ्या इस्राएलवर, म्हणजे ज्यू लोकांवर, टाकला होता. ग्रंथांतला सूर असा. आता भिंती बघा.

सभास्थानात संदेष्टा शमुवेल दावीदला राजा म्हणून अभिषेक करतोय. फारोची मुलगी बाळ मोशेला नदीतून उचलून घेतेय. ख्रिस्ती घरात खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ, येशूने बरा केलेला, पाठीवर खाट घेऊन चालू लागलेला पक्षाघाती, आणि खाली पुन्हा दावीद, या खेपेला धिप्पाड योद्धा गल्याथाशी लढताना. भांडण होतं ते एकाच शास्त्राच्या वारसांमधलं, घराणं एकच.

हे रंग टिकले कसे? इराणच्या सासानी फौजा चालून येणार म्हटल्यावर रोमन सैनिकांनी तट आतून भक्कम करायला घेतला. छपरं उतरवली, गल्लीत माती लोटली, तटालगतची घरं मातीने भरून टाकली. भराव तटाशी उंच आणि गावाकडे उतरता, म्हणून सभास्थानाची पश्चिमेची भिंत जवळजवळ अख्खी राहिली आणि पूर्वेची खालच्या पट्टीपुरती. २५६च्या सुमारास शहर पडलं. माती तशीच राहिली, ती १९३०च्या दशकात येल विद्यापीठ आणि फ्रान्सच्या अभिलेख अकादमीच्या उत्खननात निघाली. हे कृष्णधवल फोटो तेव्हाचे. सभास्थानाच्या भिंती आज दमास्कसच्या संग्रहालयात आहेत, बाप्तिस्म्याच्या खोलीतली चित्रं अमेरिकेत, येलकडे.

पुढचं थोडक्यात. याच नदीवर, वरच्या अंगाला, कालिनिकम हे शहर. ३८८ साली तिथल्या ख्रिस्ती जमावाने सभास्थान जाळलं. बिशपने ते स्वखर्चाने बांधून द्यावं, असा हुकूम रोमन सम्राट थिओडोसियसने काढला. मिलानचे बिशप अँब्रोस अडून बसले, आणि सम्राटाला हुकूम मागे घ्यावा लागला.